भातरोपी हिरवा

१

हिरव्या बांगड्या मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी आधी विचारतो, "कशासाठी?" नव्या बायकांना राग येतो. येऊ दे. महाडच्या बाजारात आमचं कासाराचं दुकान तीन पिढ्यांचं आहे. तेवढं विचारायचा हक्क मला आहे.

लोकांना वाटतं हिरवा म्हणजे हिरवा. अहो, तहसीलदार सही करतो ती शाई हिरवी, पीरावरची चादर हिरवी, वीर स्टेशनात गाडी सुटते तो कंदील हिरवा. मे महिन्यात चवदार तळ्याच्या पायरीवर धरतं ते शेवाळही हिरवंच. न वाळलेलं लाकूड हिरवं, ते चुलीत घातलं की घरभर धूर. साठीचा गृहस्थ पोरीबाळींकडे बघून दात काढायला लागला की तो हिरवट. आता यातला कुठला हिरवा हातात घालायचा ते कळायला नको?

लग्नाच्या चुड्याला मी गडद हिरवा देतो. डोहाळजेवणाला त्याहून उजळ. देवीच्या ओटीला पातळ काचेचा, कारण देवी हात दाबून बघत नाही. आणि एक चौथं काम असतं. त्यासाठी बाई येत नाही, पुरुष येतो. तोंड न धुतलेला, पायात एखाद वेळी दुसऱ्याचीच चप्पल. म्हणतो, "हिरव्या द्या." माप विचारलं तर गप्प होतो. बायकोच्या हाताचं माप कुठल्या नवऱ्याला ठाऊक असतं? आपण समजायचं. घरातली सवाष्ण गेली आहे आणि तिला हिरवं नेसवून, हिरवा चुडा भरून न्यायची आहे.

तेव्हा मी "कशासाठी" विचारत नाही. मापाविना बांगड्या फळीवर ठेवतो, पैसे घेत नाही, तोंड फिरवतो. तो चुडा घरच्या बायका भरतात, कासार भरत नाही. आणि ज्या पेटीतून त्या बांगड्या काढल्या, ती पेटी तिथंच संपली. उरलेली एकही बांगडी जित्या हातात घालायची नाही. सगळी पेटी सावित्रीत सोडायची. हा आमच्या घराचा नेम. बापाने एकदा मोजून अकरा पेट्या सोडल्या होत्या, प्लेगाच्या नाही, पटकीच्या साली. मी कधी चुकलो नव्हतो.

२

नव्याण्णव सालचा माघ. आमची सुमेधा, एकुलती एक, बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा लागला होता. आधी दोनदा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. तेव्हा तिच्या आईने बोलायचं सोडलं होतं आणि मी देवाचं नाव घ्यायचं सोडलं होतं. यावेळी सातवा गाठला, तर घरात कुणी मोठ्याने हसायलाही धजत नव्हतं. गुरुवारी डोहाळजेवण ठरलं होतं.

तिच्यासाठी मी एक पेटी बाजूला काढली होती. चार डझनांची. असा हिरवा मी आयुष्यात दोनदाच पाहिला. लावणीच्या आधी वाफ्यात भाताचं रोप उभं असतं ना, त्याच्या पात्यातून ऊन आरपार दिसतं, तो रंग. मी त्याला भातरोपी म्हणतो. व्यापाऱ्याच्या यादीत असलं नाव नाही.

बुधवारी दुकान उघडतोय, तर पायरीवर एक म्हातारा. पायांना लाल माती, डोक्याला टॉवेल.

"कासारमामा, मी रावजी. कुडपणचा. घरी येऊन चुडा भरायचाय."

"कुणाला?"

"सुनेला. हिरवा."

"कशासाठी?"

त्याने डोक्यावरचा टॉवेल सारखा केला आणि म्हणाला, "सातवा लागलाय तिला. खाली येववत नाय."

आणि त्याने खिशातून एक जुनी बांगडी काढून माझ्या हातात दिली. मापाला.

बस. तिथंच मी फसलो. माप घेऊन आलाय म्हटल्यावर दुसरा विचार मनात येतोय कुठे? उलट मला बरं वाटलं. आपल्या पोरीला सातवा, याच्या सुनेला सातवा. त्या मापाच्या उजळ हिरव्या संपल्या होत्या. म्हटलं, जाऊ दे, सुमेधाचंही माप हेच, भातरोपीतून भरू. दोघींना पुरून उरतील, चार डझन आहेत.

३

पोलादपुरापर्यंत एसटी, पुढे जीप, शेवटचा चढ पायी. रावजी वाटेत चार शब्दही बोलला नाही. मी मात्र बडबडत होतो, पोरीचं, डोहाळ्यांचं, तिला फक्त कैरी चालते ते. तो नुसता "व्हय" म्हणायचा.

वर पठारावर वारा असा की टोपी हातात धरावी लागली. देवळाच्या कट्ट्यावर दहाबारा पुरुष ओळीने बसले होते. कुणी बोलत नव्हतं, कुणी विडी ओढत नव्हतं. मला वाटलं, सभा असेल. रावजीने मला समोरून नेलं नाही. मागच्या परड्यातून नेलं.

घर स्वच्छ सारवलेलं. भर दुपारचे बारा, आणि चुलीत राख थंड. एवढं माझ्या नजरेने टिपलं. नजरेने टिपलेलं डोक्यापर्यंत पोचायला मात्र दहा दिवस लागले.

राहीबाई, रावजीची बायको, दारात उभी होती. तिच्या हातात दोन-दोन प्लास्टिकच्या बांगड्या. कासाराची नजर आधी मनगटावर जाते, त्याला इलाज नाही. मनात म्हटलं, सुनेला काच आणि सासूला प्लास्टिक, आताशा असंच.

"च्या नाय ठेवला मामा. दूध नासलं," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

"राहू दे. मुलीला बोलवा."

"ती आतच बसंल. लाजते."

आतल्या खोलीच्या दाराला गोधडी टांगलेली होती. राहीबाई आत गेली. मी गोधडीच्या अलीकडे पाट घेऊन बसलो, पेटी उघडली. आणि कडेने हात बाहेर आला. गोरा, नीट, बोटांना हळद. कोपराला मागून राहीबाईने धरलं होतं, तिची बोटं मला दिसत होती.

हात थंड होता. पठारावरचा वारा, माघ महिना. मी दोन्ही तळव्यांत घेऊन चोळला, अंगठा आत मुडपला, चारी बोटं जुळवली आणि बांगडी चढवायला लागलो.

आता हे नीट ऐका. बांगडी हाडावरून जाते तेव्हा प्रत्येक बाई हात आक्रसते. प्रत्येक. कितीही सोसणारी असली तरी दातांतून "स्स" निघतंच. माझ्या बापाने मला त्या आवाजावर धंदा शिकवला. "स्स" आलं की थांबायचं, फिरवायचं, मग पुढे. या पोरीने "स्स" केलं नाही. हात लोण्यासारखा मऊ. अकरा बांगड्या उजव्या हातात गेल्या, दहा डाव्या हातात. एक फुटली नाही. मला माझ्या कसबाचा अभिमान वाटला, काय सांगू!

"नमस्कार कर गं पोरी चुड्याला," मी रीतीप्रमाणे म्हणालो.

हात हलला नाही. मी मुडपला होता तसाच अंगठा आत मुडपलेला राहिला. मग राहीबाईने तो हळूच आत ओढून घेतला.

मी पेटी बांधून परड्यात आलो, तेव्हा मागून आवाज आला. काचेच्या बांगड्यांचा, भरल्या हाताचा. बाई केस बांधायला हात वर करते तेव्हा बांगड्या कोपराकडे घसरतात, अगदी तसा. म्हटलं, आवडला वाटतं चुडा. आणि उताराला लागलो.

४

गुरुवारी सुमेधाचं डोहाळजेवण दणक्यात झालं. पोरगी हिरव्या साडीत अशी दिसत होती की मीच दृष्ट लागेल म्हणून बघायचं टाळलं. चुडा मीच भरला, त्याच पेटीतून. पहिल्याच बांगडीला ती "स्स, बाबा!" म्हणून ओरडली आणि बायका हसल्या. पेटीत सहा बांगड्या उरल्या.

दहाव्या दिवशी रावजी दुकानात आला. आत आला नाही, पायरीखालीच उभा राहिला.

"मामा, माफी करा."

"कशाबद्दल?"

"सून त्या दिशी न्हवती. म्हंजे होती, पन... आदल्या दिशी दिवेलागणीलाच गेली. झटके आले नि गेली. पोरगा मुंबैवरनं यायचा होता म्हनून थांबलो होतो."

हातात पुसायचं फडकं होतं, ते मी घडी करून ठेवलं.

"त्या दोघांनी मुंबैत परस्पर लगीन केलेलं ओ," तो म्हणाला. "चुडा भरलाच नाय कुनी तिला. आली ती मोकळ्या हातानं. मापाला दिली ती बांगडी राहीची. राही म्हनाली, पोर जाताना तरी कासाराच्या हातनं भरलेली जाऊंदे. तुमाला सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

"नसतो आलो."

"म्हनून नाय सांगितलं."

"सातवा लागला होता म्हणालास, ते?"

"ते खरं होतं." त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "दोगंबी गेली."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मी फक्त विचारलं, "आत, गोधडीच्या मागे, बायका किती होत्या?"

"राही एकलीच. बाकी सगळी पुढच्या अंगनात."

५

मी देवभोळा माणूस नाही. हिशेबाने विचार करतो. मेलेला हात लाकडासारखा होतो. बापाचा हात मी स्वतः धरला होता, सहा तासांत बोटं उघडेनात. हिला सतरा-अठरा तास झाले होते आणि हात मऊ होता. म्हणजे काय, ती जिवंत होती? मग रावजी खोटं कशाला बोलेल? आणि प्लास्टिकच्या बांगड्या काचेसारख्या वाजत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको. मग परड्यात ऐकलं ते काय? कान वाजले असतील. असतील. मी मान्य केलं.

पण एक गोष्ट कान वाजण्यावर ढकलता येईना. नेम मोडला होता. ती पेटी त्या दुपारीच संपली होती, आणि त्यातल्या एकवीस बांगड्या माझ्या पोरीच्या हातात होत्या.

डोहाळ्याचा चुडा बाळंत होईपर्यंत उतरवत नाहीत. हे शेंबडं पोरही सांगेल. सुमेधाला खरं सांगितलं असतं तर भीतीनेच काहीतरी झालं असतं. त्या दुपारी मी तिला म्हटलं, "ठिसूळ माल आलाय गं. हातात फुटून लागेल. बदलून देतो."

"अहो, वेड लागलं का तुम्हाला?" ही स्वयंपाकघरातून धावत आली. "डोहाळ्याचा चुडा कुणी उतरवतं?"

"कासार मी आहे का तू?"

माझा आवाज असा चढला की ती मागे झाली. लग्नानंतर तीस वर्षांत मी असा ओरडलो नव्हतो. सुमेधा घाबरून माझ्याकडे बघत होती. मी साबणाचं पाणी घेतलं, तिचा हात धरला. हात गरम होता. मला रडू आलं, ते मी खोकल्यात घातलं.

शेवटची बांगडी निघेना. ओढली आणि फुटली. मनगटावर रक्ताचा थेंब आला आणि पोर "स्स!" करून कळवळली. तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच खाली बसलो.

त्याच संध्याकाळी दासगावच्या बाजूला जाऊन मी सगळ्या बांगड्या सावित्रीत सोडल्या, फुटलेल्या तुकड्यांसकट. पेटीचा पुठ्ठाही सोडला. हिने चार दिवस अबोला धरला. वैशाखात सुमेधा सुखरूप सुटली. मुलगी झाली. नाव ओवी. दवाखान्यात सगळ्यांत मोठ्याने रडणारं पोर आमचं होतं.

मी म्हटलं, वेळेत सावरलं.

६

दोन हजार तीनचा मे. सुमेधा सुट्टीला आली होती. ओवी चार वर्षांची, आणि दिवसभर माझ्या दुकानात. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा आहे, हिच्या जुन्या पातळाचा. ओवीचा आवडता खेळ असा, की पडद्याआड उभं राहायचं, कडेने नुसता हात बाहेर काढायचा आणि ओरडायचं, "कासारमामा, बांगड्या भरा!" मी बांगडी हाताला लावायच्या आधीच ती "स्स, स्स" करायची. नकलाकार कुठली!

मी तिला लाल भरायचो, पिवळ्या भरायचो, चमकीच्या भरायचो. हिरव्या नाही. ती रडायची, सुमेधा चिडायची. "बाबा, मुलीला हिरव्या बांगड्या घालायला तुम्हाला काय होतं?" मी म्हणायचो, तिच्या मापात येत नाहीत. कासाराच्या तोंडी हे शोभत नव्हतं, पण चार वर्षं खपलं.

दुसऱ्या दिवशी नात्यात लग्न होतं. सुमेधाने सकाळीच बजावलं होतं, "उद्या सगळ्या मुली हिरव्या घालणार आहेत. आज भरा. मी काही ऐकायची नाही." आणि त्याच सकाळी पार्सल आलं होतं. छोट्या मापाची एक पेटी. उघडली तर भातरोपी. मधल्या चार वर्षांत तो रंग कधी आला नव्हता. व्यापाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, असा काही रंग आम्ही काढतच नाही.

दुपारी तीनचा सुमार. बाजार ओस, समोरचा किराणावाला गल्ल्यावर मान टाकून झोपलेला. मी पेटी समोर घेऊन बसलो होतो. परत पाठवू का सरळ नदीत टाकू, ठरत नव्हतं. तेवढ्यात पडद्याच्या कडेने हात बाहेर आला.

"आलीस का?" मी म्हणालो. "बरं बाई, भरतो. चार वर्षं भांडलीस, आता घे."

मलाच कंटाळा आला होता भिण्याचा. मी हात धरला. हात ओवीएवढाच, आणि पंख्याखाली बसलेलं पोर म्हणून गार. पहिली बांगडी चढवली. गेली. दुसरी गेली. ओवीची नक्कल आज कुठे गेली, असा विचार माझ्या मनात आला. तिसरी गेली. चौथी चढवताना पाहिलं, तर अंगठा मी मुडपलाच नव्हता. तो आधीच आत होता. बोटांच्या कडांना पिवळं लागलं होतं. मला वाटलं, हिच्या डब्यातली हळद सांडली असेल पोरीने.

"आजोबा!"

आवाज पाठीमागून आला. रस्त्याकडून. मी वळून पाहिलं. पायरीवर ओवी उभी होती, हातात पेप्सीची कांडी, हनुवटीवरून नारिंगी ओघळ. मागे सुमेधा, छत्री मिटत होती.

माझ्या मुठीत हात तसाच होता.

सुमेधा चप्पल काढायला खाली वाकली होती. तिला माझी पाठ दिसत असणार, हात नाही. मला ओरडता आलं असतं. सोडताही आला असता. पण मला एकच कळत होतं. हा हात इथं बांगड्या भरायला आलाय. मी सोडला तर तो आत घरात परत जाईल, जिथं रात्री माझी नात झोपते. एकदा तिची झालेली पेटी मी माझ्या पोरीच्या हातात भरली होती. "कांडी गळतेय, पायरीवरच थांबा गं," एवढं म्हणून मी पुन्हा पेटीकडे वळलो आणि भरत राहिलो. अकरा झाल्या. एक फुटली नाही. मग मागितला नव्हता तरी दुसरा हात आला, त्यातही दहा भरल्या. दोन्ही हात सावकाश आत गेले. पडदा हलला नाही. आतून बांगड्यांचा आवाज आला, केस बांधावेत तसा, आणि मागच्या दाराकडे विरत गेला.

मी उठून पडदा बाजूला केला. आत कुणी नव्हतं. मागचं दार उघडं होतं, ते उन्हाळ्यात उघडंच असतं.

७

"बाबा, घामाने भिजलात की," सुमेधा म्हणाली. "बरं वाटत नाही का?"

"उकडतंय," मी म्हणालो. "ही पेटी नदीत सोडून येतो. माल खराब आहे."

"परत तेच?" ती वैतागली. "अहो, समोर तर हिरव्या आहेत. भरा ना तिला."

मी पेटीला दोरी बांधायला घेतली. नेम साधा आहे. यावेळी मी तो पाळणार होतो. उरलेली एक बांगडीसुद्धा जित्या हातात जाणार नव्हती. मनातून मी जवळजवळ मोकळा झालो होतो. देणं दिलं, पेटी संपली.

ओवीने कांडी तोंडात धरली आणि उजवा हात माझ्यापुढे केला.

चारी बोटं जुळवलेली, अंगठा आत मुडपलेला. अगदी कासार मुडपतो तसा. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. माझ्या दुकानात आजवर ते काम मीच करत आलो.

"हे कुणी शिकवलं गं?" मी विचारलं.

"तिनं," ओवी म्हणाली, आणि पडद्याकडे बघून हसली. "ती म्हणाली, असं केलं की दुखत नाही."

मी तो हात हातात घेतला. अंगठा उघडला आणि सोडला. तो परत आत गेला.

"स्स कर, ओवी," मी म्हणालो. "एकदा कर गं."

ती माझ्याकडे बघत राहिली. सुमेधा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि विचारू लागली, मागच्या दाराशी या हळदीच्या बोटांच्या खुणा कुणी केल्या.